लोहाराच्या घरचं घामोळं

पेरणी तोंडावर आली की गावाला लोहार आठवतो. वर्षभर ज्यांनी त्याच्या दारावरून जाताना मान वळवलेली नसते, ते काखेत फाळ, खांद्यावर कुदळ आणि तोंडात ‘आजच पाहिजे’ घेऊन हजर होतात. त्या साली हवेनेही छळ मांडला होता. आभाळ सकाळी भरून येई, दुपारभर गावाला उकडत ठेवी आणि संध्याकाळी एक थेंब न टाकता निघून जाई. वारा औषधालाही नव्हता. अंगातून पाणी निथळे आणि वाळायचं नाव घेत नसे.

लोहाराचं घर म्हणजे पुढे भट्टी आणि मागे दोन खोल्या. सगळ्यांवर पत्रा. मधली भिंत दुपारपर्यंत इतकी तापे की तिला टेकून बसलेला माणूस लगेच उठून उभा राही. घरात माणसं चार. लोहार स्वतः सांडशी धरायचा आणि कमी बोलायचा. त्याची बायको, म्हणजे घरची सून, घण मारायची. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या बारीक मनगटांकडे पाहून गावाने नाक मुरडलं होतं. आता तिचा घण चालू असला की तेच लोक जरा लांब उभे राहत. भात्यावर लोहाराची आई बसे. तिला गाव फुंकणी म्हणे, कारण भाता ओढता ओढता ती बोलतही असे आणि तिच्या बोलण्यानेही आग पेटत असे. चौथी त्यांची मुलगी, अजून रांगायलाही न लागलेली. तिला बापाने लाडाने खिळी म्हटलं आणि तेच चिकटलं. आई घण मारत असताना खिळी भात्याशेजारी एका लाकडी खोक्यात असे, आजीच्या नजरेसमोर.

या घरात फुंकणीचे दोन नियम चालत. घामाचा हात लागलेलं लोखंड तेल लावल्याशिवाय ठेवायचं नाही, नाहीतर सकाळी गंज दिसतो. आणि तापलेल्या लोखंडावर भलत्या वेळी पाणी टाकायचं नाही, नाहीतर पातं तडकतं. नियम लोखंडापुरते अगदी खरे होते. अडचण एवढीच की फुंकणीने जन्मभर लोखंडच सांभाळलं होतं, त्यामुळे नात सांभाळायची वेळ आली तेव्हा तिने तेच नियम नातीलाही लावले. घामेजलेल्या पोरीला ती सकाळ-संध्याकाळ टाळूपासून टाचेपर्यंत तेल चोपडी. तापलेल्या अंगाला गार पाणी लागू नये म्हणून ऊन पाण्याच्या फडक्याने घाईघाईने पुशी आणि लोकरीच्या कपड्यात घट्ट गुंडाळून खोक्यात ठेवी. खिळी अशी चकाके की एक गिऱ्हाईक म्हणालं, "हिला धार कधी लावलीत?" फुंकणी त्या दिवशी भलतीच खूश होती.

एका दुपारी फाळावर शेवटचा घाव घालून सुनेने घण खाली टेकवला. तिच्या कोपरावरून घाम ओघळून दांड्यावर उतरत होता. खिळी सकाळपासून किरकिर करत होती. आता तिने भोकाड पसरलं. सून तिला घेऊन आतल्या खोलीत गेली, पाजायला बसली आणि पोरीची हनुवटी वर करताच थांबली. मानेच्या वळीत लाल पुरळ दाटलं होतं, मोहरी सांडावी तसं. गुंडाळी सोडली तर काखेत तेच, पाठीवर तेच.

"अहो, जरा इकडे या."

लोहार सांडशी हातात घेऊनच आला. वाकून पाहिलं. "घामोळं असेल," म्हणाला.

मागून फुंकणी आली. तिने पाहिलं, आणि पोरीकडे गेलेला हात तसाच मागे घेतला. "असेल," ती म्हणाली. "घामोळं असेल तर चार दिवसांत बसेल. तेल लावा. झाकून ठेवा. वारं लागू देऊ नका."

आता घामोळं काय त्या घरात कुणी पाहिलं नव्हतं असं नाही. भट्टीवर जन्म काढलेली माणसं ती. पण चार दिवस गेले आणि पुरळ बसलं नाही, कारण तेल चालूच होतं आणि गुंडाळणंही. उलट ते पोटावर आलं, कपाळावर केसांच्या कडेने आलं, आणि तेलाने निबर होऊन त्याला बारीक पांढरी टोकं दिसायला लागली. भीती मनात बसली की घरचं मांजरही वाघ दिसतं. लोहाराने ‘घामोळं’ म्हणायचं सोडून दिलं.

त्यातच दुकानवाली विळ्याला धार लावायला आली. तिच्या दुकानात जिन्नस थोडे आणि बातम्या फार. खोक्यात डोकावून ती दोन पावलं मागे सरकली.

"अगं बाई, हे तर गोवरासारखं अंगावर उठलेलं दिसतंय. माझ्या भाच्याला असंच झालं होतं. घरातल्या सगळ्यांना लागलं."

"घामोळं आहे," सून म्हणाली.

"असेल बाई, असेल. मी आपलं सांगितलं." विळा तिथेच ठेवून ती निघाली. "धार झाली की दाराबाहेर ठेवून द्या. मी येईन कधीतरी."

सांज व्हायच्या आत गावाला कळलं. दुसऱ्या दिवशी माळावरचा शेतकरी आला तो उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला. या माणसाची अवजारं लोहाराच्या बापापासून याच भट्टीवर येत होती. एरवी तो आत येऊन ऐरणीशेजारच्या ओंडक्यावर बसायचा आणि उठता उठायचा नाही. आज त्याने कुदळ मागितली. सुनेने ती नेऊन दिली. त्याने खिशातून रुमाल काढला, दांडा वरपासून खालपर्यंत पुसला, मग हातात घेतला आणि रुमाल तिथेच टाकून गेला. सून बघत राहिली. तो दांडा तिनेच सकाळी तासून गुळगुळीत केला होता. आत येऊन तिने घण उचलला आणि असा हाणला की लोहाराच्या हातातली सांडशी निसटली. "माझ्या बोटांनी काय केलंय?" तो हळूच म्हणाला.

पण या घरात खरी आग कुठे लागली होती ते कुणालाच दिसत नव्हतं. ती फुंकणीच्या अंगरख्याखाली होती. म्हातारी बाराही महिने जाडजूड, लांब बाह्यांचा अंगरखा घालायची. ठिणग्या उडतात म्हणून. त्या अंगरख्याखाली तिच्या पाठीवर, कमरेवर, गळ्याखाली तसंच लाल पुरळ होतं, खिळीच्या जेमतेम एक दिवस आधी उठलेलं. दिवसभर ते टोचे, सुया भरल्यासारखं, आणि ती दातावर दात दाबून भाता ओढत राही. तिने कुणाला सांगितलं नाही. सांगणार कसं? लोहार जन्मायच्या आधी तिला एक मुलगी होती. अशाच एका उन्हाळ्यात फुंकणीच्या अंगावर हे पुरळ आलं होतं. मग मुलीला ताप भरला, डोळे लाल झाले, अंगभर उठलं आणि मुलगी गेली. तेव्हापासून फुंकणीच्या मनाने एकच निकाल दिलेला होता: आपल्या अंगावरचं तिच्या अंगावर गेलं. आता पुन्हा तेच पुरळ, तोच उन्हाळा आणि खोक्यात नात.

म्हणून तिने नातीला हात लावणं बंद केलं. तेल सुनेला लावायला सांगे. खोकं पायाने सरकवून भात्यापासून लांब केलं. खिळी तिच्याकडे बघून हात पसरी, आणि म्हातारी तोंड फिरवून निखारे सारखे करत बसे.

सुनेला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला दिसलं ते एवढंच, की पोर धडधाकट होती तोवर आजी तिला खाली ठेवत नव्हती आणि आता आजारी पडली तर जवळ घेत नाही. तिने बरेच दिवस गिळलं. मग एका सकाळी चुलीपाशी तिचा बांध फुटला.

"आई, बाहेरच्यांनी केलं तर मी समजू शकते. तुम्हीसुद्धा?"

"मी काय केलं?"

"काही करत नाही तेच तर म्हणते. ती रडते, तुमच्याकडे झेपावते. तुम्ही बघत पण नाही."

फुंकणीने भांडं उचललं, पुन्हा ठेवलं. "मी म्हणत होते," ती म्हणाली, "बहिणीकडे जाऊन राहते काही दिवस."

"आत्ता?" लोहार दारातून म्हणाला. "आई, पेरणी आलीय. भाता कोण ओढणार?"

"ओढेल कुणीही. भाता ओढायला काय अक्कल लागते?" हे वाक्य फुंकणीच्या तोंडून ऐकायचं म्हणजे कमाल होती. उभ्या आयुष्यात तिने भात्याला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता.

"जाऊ द्या त्यांना," सून म्हणाली. "ज्याला जायचंय त्याला कोण अडवणार." आणि ती तोंड धुवायच्या निमित्ताने बाहेर गेली.

लोहार दोघींच्या मध्ये उभा राहिला. ऐरण आणि घण यांच्यामधल्या लोखंडाचं काय होतं ते त्याला रोजचंच माहीत होतं. तो फक्त एवढंच म्हणाला, "आधी पोरीला दवाखान्यात नेऊन आणू."

"न्या," फुंकणी म्हणाली. "आजच न्या. तुम्ही येईपर्यंत मी घर राखते. मग निघते." तिचा आवाज नेहमीसारखा पेटलेला नव्हता.

दवाखाना शेजारच्या मोठ्या गावात होता. दोघं ऊन चढायच्या आत निघाली. खिळी आईच्या खांद्यावर, वरून लोकरीचा कपडा, त्यावर आणखी एक फडकं, कारण आजीने दारातून ओरडून सांगितलं होतं. अर्ध्या रस्त्यात पोर रडून रडून गप्प झाली आणि ते गप्प होणं सुनेला रडण्यापेक्षा वाईट वाटलं. ती सारखी कपडा बाजूला करून श्वास चालू आहे ना ते बघत होती. लोहारही बघत होता, पण तिला कळू न देता.

दवाखान्यात एक नर्सबाई होती. ठेंगणी, कपाळावर चष्मा चढवलेली, बोलण्यात कुणाची भीडभाड न ठेवणारी. तिने खिळीला टेबलावर ठेवलं आणि सोडायला सुरुवात केली. एक फडकं निघालं. लोकरीचा कपडा निघाला. आतलं झबलं निघालं. झबल्याच्या आत आणखी एक झबलं.

"आत पोरगी आहे ना?" नर्सबाई म्हणाली. "का नुसतेच कपडे आणलेत?"

कुणी हसलं नाही. नर्सबाईने दोघांच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि मग थट्टा बाजूला ठेवली. काखेत थर्मामीटर लावला. डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, तोंड उघडून आत टॉर्च मारला, छातीला नळी लावली. मानेची वळी बोटांनी पसरली. काख, जांघ, गुडघ्यामागे. सगळं निवांतपणे. सून तिच्या हातांकडे बघत होती.

"ताप आला होता मध्ये?"

"नाही."

"खोकला? नाक? डोळे चिकटतात?"

"नाही. नुसती रडते. आणि इथे सगळं असं."

"दूध पिते?"

"पिते. पीत होती. आज सकाळी जरा कमी."

नर्सबाईने अंगावरून बोट फिरवलं आणि ते बोट अंगठ्यावर चोळलं. वास घेतला. "हे काय लावलंय?"

"तेल."

"किती?"

लोहाराने सांगून टाकलं. घामाचा हात लागला की लोखंड गंजतं, म्हणून त्यांच्याकडे संध्याकाळी सगळ्याला तेल. आई म्हणते पोरीला पण. आणि तापल्यावर गार पाणी लावायचं नाही.

"ही पोरगी आहे की कोयता?" नर्सबाई म्हणाली.

लोहार खाली बघू लागला.

"घामोळं आहे हो हे," ती म्हणाली. "दुसरं काही नाही. ताप नाही, डोळे स्वच्छ, तोंड स्वच्छ, छाती स्वच्छ. नुसतं घामोळं."

सुनेला ते पहिल्यांदा कळलंच नाही. "म्हणजे?" तिने विचारलं.

"म्हणजे घाम बाहेर यायला जागा नाही. कातडीला बारीक भोकं असतात, त्यातून घाम येतो. इतक्या लहान पोरीची ती आणखीच बारीक. भट्टीशेजारी ठेवलीत, घाम सुटला. वरून तेलाने भोकं बुजवली, वरून लोकर. मग तो घाम आतल्या आत अडकून पुरळ होऊन बसला. म्हणून टोचतं, म्हणून रडते. तुम्हाला कुणी असं गुंडाळलं असतं तर तुम्ही गप्प बसला असता?"

"भात्याची नळी राखेने बुजली की हवा शिवणीतून फुटते," लोहार हळूच म्हणाला.

"मग एवढं कळतं तर नळी बुजवता कशाला?"

तिने काय करायचं ते सांगितलं. तेल बंद. गार पाण्याने अंघोळ, बर्फासारखं नव्हे, घड्यातलं साधं पाणी. दिवसातून दोनदा-तीनदा घातली तरी चालेल. घासायचं नाही, टिपून घ्यायचं आणि अंग उघडं ठेवून वाऱ्यावर वाळू द्यायचं. पातळ सुती झबलं, एकच, तेही सैल. घरात असताना नसलं तरी चालेल. पावडरीचे थर देऊ नका. नखं कापा, ओरबाडलं तर पिकेल. आणि भट्टीपासून लांब. "पू दिसला, ताप आला किंवा दूध प्यायची बंद झाली तर सरळ इकडे घेऊन यायचं, शेजारणीला विचारत बसायचं नाही. पण नाही व्हायचं तसं. चार-सहा दिवसांत साफ होईल."

लोहाराला आणखी एकच विचारायचं होतं. "हे लागतं का हो? एकाचं दुसऱ्याला?"

"घामोळं? ते काय उडून जातं? ज्याला उकडतं त्याला येतं. माझ्या पाठीवर पण आहे." नर्सबाईने चष्मा डोळ्यांवर घेतला. "जा आता. आणि ते लोकरीचं इथून बाहेर पडल्यावर परत गुंडाळू नका, मी खिडकीतून बघते."

दवाखान्यापासून काही अंतरावर एका झाडाच्या सावलीला दोघं थांबली. सून मटकन खाली बसली. जीव भांड्यात पडला म्हणतात, तसा पडला, पण पडताना बराच आवाज झाला. आधी ती रडली, मग रडता रडता तिला ‘पोरगी आहे की कोयता’ आठवलं आणि हसू फुटलं, आणि मग हसणं थांबवता येईना. लोहारही हसला. कित्येक दिवसांनी त्याचे दात दिसले. मांडीवर उघडी खिळी सावलीत हातपाय झाडत होती आणि बापाच्या मिशीकडे बघत होती.

"आईंना सांगायला हवं," सून डोळे पुसत म्हणाली. आणि मग तिचं तोंड पुन्हा घट्ट झालं. "नाहीतरी त्यांना काय. त्या निघाल्याच आहेत."

लोहार जरा वेळ जमिनीवर काडीने रेघा ओढत बसला. "मला एक बहीण होती," तो म्हणाला. "माझ्या आधी. तिच्या अंगावर उठलं आणि ताप येऊन गेली. आई कधी बोलत नाही. मला मावशीने सांगितलं."

"हे तुम्ही मला आज सांगता?"

"विषयच नाही निघाला."

"तुमच्या घरात विषय घणाने काढावा लागतो," सून म्हणाली आणि उठली. पोरीला खांद्यावर टाकून ती अशा वेगाने चालायला लागली की लोहाराला मागून जवळजवळ धावावं लागलं. उन्हाचं तिला भान नव्हतं. म्हातारीने घर सोडायच्या आत पोचायचं, एवढंच डोक्यात होतं. बोललेले शब्द तिला आता वाटेत खड्यासारखे टोचत होते.

फुंकणी निघाली नव्हती. दारासमोर ओट्यावर बसली होती, शेजारी गाठोडं, अंगात तोच जाड अंगरखा, गळ्यापर्यंत बंद. भट्टी विझवलेली होती. त्यांना लांबून येताना पाहून ती उभी राहिली, पण पुढे आली नाही. नजर सुनेच्या खांद्यावर. उघडं अंग पाहून ती ओरडलीच.

"कपडे का काढले? काय झालं पोरीला?"

"काही झालं नाही, आई," लोहार धापा टाकत म्हणाला. "घामोळं आहे. नुसतं घामोळं."

"मला समजवू नका."

"नर्सबाईने सगळं तपासलं. ताप नाही. डोळे बघितले, तोंड बघितलं. तेलाने झालंय म्हणाली."

"तेलाने?" फुंकणी म्हणाली. "तेलाने कधी काही वाईट झालंय?"

सून वाद घालत बसली नाही. तिने घमेलं ओट्यावर आणलं आणि घड्यातलं पाणी त्यात ओतलं. म्हातारीला कळलं काय होणार ते. "अगं, उन्हातून आणलीस ना तिला. तापलेलं अंग आहे. तडा जाईल," ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिलाच ऐकू आलं नाही.

सुनेने खिळीला पाण्यात बसवलं.

पोरीचा श्वास क्षणभर आत ओढला गेला. डोळे मोठे झाले. फुंकणीने भिंत धरली. आणि मग खिळीने दोन्ही हात पाण्यावर आपटले. पाणी आईच्या तोंडावर उडालं, बापाच्या पायांवर उडालं. तिने पुन्हा आपटले. ती किंचाळली, पण हे किंचाळणं त्या घराने बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं, आनंदाचं होतं. सुनेने ओंजळीने पाणी तिच्या मानेवरून, पाठीवरून सोडलं, तेलाचा तवंग घमेल्याच्या कडेला जमला. मग तिने पोरीला मऊ फडक्यावर घेऊन टिपलं, न घासता, आणि तशीच उघडी ओट्यावर निजवली. लोहार शेजारी बसून जुन्या पुठ्ठ्याने वारा घालू लागला. थोड्या वेळाने खिळीने एक जांभई दिली आणि पोटावर हात टाकून झोपली. दिवसाउजेडी, न रडता.

फुंकणी लांब उभी राहून सगळं बघत होती.

"या ना आई," सून म्हणाली. आवाज मऊ होता. "झोपेत तरी घ्या जवळ."

"नको."

"आता काय झालं?"

"नको म्हणते ना. मी जाते." तिने गाठोडं उचललं. मग ते हातातून खाली आलं. "माझ्या अंगाचं तिला लागेल," ती म्हणाली. "तिला लागलंय ते माझंच. मोठीला पण माझंच लागलं होतं."

सून जवळ गेली, तिचा हात धरला आणि तिला घमेल्याशेजारच्या दगडावर बसवलं. लोहाराला म्हणाली, "तुम्ही आत जा जरा." तो पुठ्ठा ठेवून आत गेला. सुनेने म्हातारीच्या अंगरख्याचे बंद सोडले. फुंकणीने एकदा हात धरायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. अंगरखा घामाने आणि तेलाने पाठीला चिकटला होता. तो सोडवताना म्हातारीने डोळे मिटले. मानेपासून कमरेपर्यंत लाल, दाट, मध्ये मध्ये नखांनी ओरबाडलेलं. इतके दिवस हे घेऊन ही बाई आगीसमोर बसली होती.

"आई," सून म्हणाली, "हे तेच आहे हो. खिळीला आहे तेच. घामोळं."

"नीट बघ."

"नीट बघतेय. मानेवर तेच, काखेत तेच. तुम्हाला ताप आहे का? नाही. हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही. नर्सबाईला पण आहे, तिने स्वतः सांगितलं. तुम्ही दोघी त्या भट्टीपाशी बसता, दोघी तेलात, दोघी जाड कपड्यांत. म्हणून दोघींना झालं."

तिने घड्यातलं ताजं पाणी घेतलं आणि म्हातारीच्या पाठीवर हळूहळू सोडलं. फुंकणीचं सगळं अंग शहारलं. पाणी मणक्यावरून खाली गेलं, दगडावरून मातीत उतरलं. सुनेने आणखी ओतलं. थोड्या वेळाने तिचे ताठलेले खांदे खाली आले.

"बरं वाटतंय?" सुनेने विचारलं.

फुंकणीने मान हलवली. मग तशीच पाठमोरी, समोरच्या विझलेल्या भट्टीकडे बघत तिने विचारलं, "दर उन्हाळ्यात येतं मला हे. दर वर्षी. पोरगा लहान होता तेव्हा मी त्याला उन्हाळाभर बहिणीकडे ठेवायची, त्याला लागू नये म्हणून. रडायचा तो. दरवेळी हेच असतं का गं? असंच?"

"असंच असणार, आई."

"मग तेव्हा पण माझ्या अंगावर हेच होतं."

सुनेचा हात थांबला. तिला आता समजलं की म्हातारी खिळीबद्दल बोलत नाही.

"तेव्हा पण हेच," सून म्हणाली. "मोठ्या ताईंना झाला तो वेगळा आजार होता. ताप, लाल डोळे, तो कुठून आला कुणास ठाऊक. तुमच्याकडून नाही आला."

"माझ्याकडून नाही."

"नाही, आई."

पाणी फुंकणीच्या पाठीवर वाळत होतं. मग तिने दोन्ही हात मांडीवर उघडे करून ठेवले.

"आण तिला," ती म्हणाली. "उठली तरी चालेल. आण इकडे."